पाटावरचा नारायण

अधिक महिना लागला आणि तिसऱ्याच दिवशी चांगुणाबाईंचा फोन आला. निकिताचे हात कणकेत होते, म्हणून तिनं कोपरानं फोन स्पीकरवर टाकला. आईनं ख्यालीखुशाली काही विचारली नाही, एकदम मुद्द्यावर आली.

"फुडच्या आयतवारी धोंडा हाय. दोघंबी या. पाव्हन्यांना म्हनावं, कंपनीचं कारन चालायचं न्हाई. मागचा धोंडा त्या कोरोनानं खाल्ला, यंदा समदी हौस फेडून घ्यायची हाय मला. तुझी साळूआत्या बी येनार हाय."

दाराजवळ खुर्चीत बसून सुनील बूट काढत होता. एक बूट त्यानं काढला, दुसरा पायातच राहिला, आणि तो तसाच जमिनीकडं बघत बसला.

ज्यांच्या घरात लग्न झालेली मुलगी नाही त्यांना या महिन्याची गंमत कळायची नाही. धोंड्याच्या महिन्यात जावई हा जावई राहत नाही, साक्षात नारायण होतो आणि लेक लक्ष्मी. सासू-सासरे त्याला पाटावर बसवतात, परातीत त्याचे पाय धुतात, गंध लावतात, ओवाळतात आणि पुरणाचे तेहतीस धोंडे तांब्याच्या ताटात घालून, वर दिवा लावून त्याच्या हातात देतात. शाळेत घालायचं तर पोराचा दाखला लागतो, बँकेत खातं काढायचं तर फोटो लागतो. नारायण व्हायला मात्र काही म्हणजे काही लागत नाही, फक्त लग्न झालेलं असावं लागतं.

आणि आमचा हा नारायण आठ महिने कंपनीतल्या रेश्मा नावाच्या बाईबरोबर फिरलेला होता. ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती. त्यातले दोघे या खोलीत होते.

सुनील सुप्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर होता. जन्मात त्यानं स्वतःचा डबा धुतला नव्हता. आमटी वाळून खडखडीत झालेला डबा संध्याकाळी ओट्यावर आदळायचा, ही त्याची पद्धत. गेल्या वर्षी अचानक डबा घासून-पुसून लख्ख होऊन यायला लागला. निकिता हरखून गेली. शेजारणीला तिनं सांगितलंसुद्धा, की आमच्यांना आता बायकोच्या हातांची किंमत कळायला लागली. मग श्रावणात एक दिवस त्या लख्ख डब्याच्या झाकणाला एक मरून टिकली चिकटून आली. तोंड धुताना बायका टिकली काढून जवळच्या कशालाही लावून ठेवतात. निकिता स्वतः आरशाला लावायची. ती डबा हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. नवरा सुधारलाय म्हणून आपण गावभर मिरवलं, ते कुणाच्या हातांच्या जिवावर, हे तिला कळलं.

विचारल्याबरोबर सुनीलनं सगळं ओकून टाकलं. खोटं बोलायचा त्याला सराव झाला होता, पण अक्कल आली नव्हती. तो रडला, पाया पडला, म्हणाला, जाऊ नको. रेश्मानं आठवड्याभरात दुसरीकडं नोकरी धरली. सुनीलचं गाव नेवाशाकडचं. तो निकिताला घेऊन माउलींच्या खांबापाशी गेला, खांबाला हात लावून शपथ घेतली आणि गळ्यात तुळशीची माळ घालून आला. निकिता शपथेनं विरघळली नाही. ती म्हणाली, "वरीसभर बघते. वरसानं सांगते, ऱ्हाते का जाते." आणि तिनं एक अट घातली. रोज दिवेलागणीला मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवून दोघांनी देवासमोर दहा मिनिटं शेजारी बसायचं. पहिले दोन महिने त्या दहा मिनिटांत दोघं जण एकाच देवाकडं एकमेकांची तक्रार करत असावेत. पण बसत होते. एकही दिवस चुकला नाही.

आणखी एक गोष्ट झाली होती. चार भिंतींत निकिता त्याला आता "तू" म्हणायची. चारचौघांत "अहो" होतंच, घरात ते परत आलं नव्हतं.

वर्ष आता संपत आलं होतं. रोज त्याचा फोन तपासायचा, काही सापडायचं नाही, आणि न सापडल्यानं तिची खात्री पटण्याऐवजी वाढायचा तो वैताग. उत्तर काय द्यायचं हे तिचं तिलाच उमगेना. अशात धोंड्याचं बोलावणं आलं.

दुसरा बूट काढून सुनील म्हणाला, "मी मामांना सांगून टाकतो."

"काय?"

"समदं. गळ्यात माळ हाय माझ्या. त्या मानसाकडनं पाय कसे धुवून घेऊ? ते पाप हाय."

निकितानं कणकेवर ताट झाकलं. "पाप तवा न्हाई दिसलं. आता माळंतून दिसाया लागलं व्हय? तू सांगशील आन मोकळा व्हशील. आन माझी आई ते वझं जलमभर वागवंल. तू केलंस, मी निस्तरलं. आता तिनं बी निस्तरायचं का?"

"मग खोटं बोलू?"

"खोटं बोलू नको. गप बस. गप बसाया माळ आडवी येत न्हाई." मग तिला एकदम सुचलं आणि सुचलं ते फार आवडलं. "पाटावर बसायचं, पाय फुडं करायचं, आन देव व्हायचं. हीच तुझी शिक्षा."

तिनं आईचं नाव पुढं केलं ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं. तिला लाज वाटत होती. चूक त्याची आणि लाज हिला, हा हिशोब कुठल्या शहाण्यानं घालून दिलाय कुणास ठाऊक, पण तो तिच्या अंगात मुरला होता. आबांना कळलं तर ते म्हणतील, झालं गेलं विसर आणि नांद. हे वाक्य बापाच्या तोंडून ऐकायची तिला भीती वाटत होती. ऐकलंच नाही तर ते नसतंच, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी दोघं मोटरसायकलवर कर्जतकडं निघाली. यंदा पावसानं दडी मारली होती, रस्त्याकडेची बाजरी गुडघ्याएवढीच राहिलेली. गोरक्ष आबांची वस्ती गावाबाहेर, लिंबाच्या बागेला लागून. दारात सडा-रांगोळी, दाराला आंब्याचं तोरण आणि तोरणाखाली कमरेवर हात ठेवून साळूआत्या. आबांची ही थोरली बहीण. कुठल्या सणाला कोणता पाट आणि कोणत्या पाटाखाली कोणती रांगोळी, यावर पंचक्रोशीत तिचा शब्द शेवटचा. देवाला चुकलेलं चालत असेल, साळूआत्याला चालत नसे.

"आलं गं माझं नारायन!" तिनं दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सुनीलच्या गळ्याकडं बघून थबकली. "अगं बया, माळकरी झालं व्हय जावई? चांगुने, बघ गं! ह्या वयात! न्हाईतर तो आपला बन्सी."

बन्सी म्हणजे थोरला जावई. मागं त्याच्या धोंड्याला तो पाटावर बसला, अंगठी बघितली आणि तोंड फिरवून बसला. पाय पुढं करीना, घास घेईना. जावयानं रुसायचं आणि सासऱ्यानं मनवायचं, ही रीतच आहे, पण बन्सी दुपारी चारपर्यंत रुसला आणि मोटरसायकलची चावी हातात पडल्यावर हसला. तेव्हापासून या घरात जावयाच्या चेहऱ्याकडं हवामान खात्यासारखं लक्ष असतं.

तर पाट मांडला गेला. दोन पाट, शेजारी शेजारी. सुनील नव्या टॉवेल-टोपीत, निकिता हिरव्या साडीत. पुरणाचा वास घरभर. आबा गुडघे मोडून परातीसमोर बसले, हातात पाण्याचा तांब्या. चांगुणाबाई शेजारी गंध-फूल घेऊन. माणूस सत्तरीकडं झुकलेला, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसून जेवणारा, आणि आज खाली बसताना हूं की चूं नाही.

"पाव्हनं, पाय घ्या फुडं."

सुनीलनं पाय पुढं केले. आबांनी कोमट पाण्याची धार धरली आणि अंगठ्याला हात लावला. तेवढ्यात सुनीलनं पाय असे झटकन मागं घेतले, की परातीतलं पाणी आबांच्या धोतरावर उडालं.

निकितानं शेजारून बघितलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला बरं वाटलं. होऊ दे अवघड. वर्षभर मला झालं तसं.

"गार लागलं का पानी?" चांगुणाबाई घाबरल्या.

"न्हाई मामी. पानी चांगलं हाय. पन मला नको हे. माझी तेवढी लायकी न्हाई."

साळूआत्यानं चांगुणाबाईंच्या कानाशी तोंड नेलं. तिचं कुजबुजणं रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. "टोमना हाय हा! अंगठीची डबी दिसली न्हवं त्याला. अर्ध्या तोळ्यावर रुसलाय."

आबांनी घाईघाईनं डबी उघडली. "पाव्हनं, ही आत्ताची आपली पद्धत म्हनून. दिवाळीला एक तोळ्याची करतो. शबुद हाय माझा."

"मामा, मला अंगठी नको."

"अंगठी नको म्हनतोय," साळूआत्यानं भाषांतर केलं. "गाडी पायजे. मी कवाच वळखलं हुतं. माळ घातली म्हनून काय झालं, जावई त्यो जावईच."

आबांनी खिडकीतून बाहेर बघितलं. सुनीलची जुनी मोटरसायकल बाभळीखाली उभी होती. "बुलेट घेऊ," ते म्हणाले. "औंदा लिंबाला भाव बरा मिळालाय. बुलेट घेऊ, पाव्हनं, पन पाय मागं घेऊ नका. लेकीच्या वानाला अपशकुन नको."

सुनील रडकुंडीला आला. नको म्हणावं तर मोल वाढतंय, घ्यावं तर पाप वाढतंय. त्यानं निकिताकडं असं बघितलं, की तिला हसू आलं आणि दयाही आली. दोन्ही एकदम आलं याचाच तिला राग आला. ती दातांवर दात ठेवून पुटपुटली, "बसा की गप. पाय द्या."

मग आबांनी तांब्या बाजूला ठेवला आणि हात जोडले.

"पाव्हनं, तुमचा राग गाडीवर न्हाई. मला ठावं हाय तुमचा राग कशावर हाय ते." त्यांचा आवाज बदलला. "तुमाला कुनीतरी सांगितलं असंल. आज समद्यांम्होरं मी माफी मागतो."

चांगुणाबाईंना काहीच कळेना. "कशाची माफी? काय केलं तुमी?"

"दिवाळीला निकी आली, तवा लई वाळली हुती. बोलंना, हसंना. माझ्या मनात आलं, ह्या मानसाचं भायेर कायतरी हाय. आन मी तुला सांगितलं, नगरला लिंबं घेऊन चाललो. मी गेल्तो सुप्याला." आबा सुनीलकडं बघत नव्हते, परातीतल्या पाण्याकडं बघत होते. "तुमच्या कंपनीच्या दारासमोर च्याचं हाटेल हाय. तितं टावेल डोक्यावर घेऊन तीन दिस बसलो. चोरावानी. साडेतीनला तुमी सुटायचं आन सरळ घरी. दोन दिस मागं मागं आलो, वाट वाकडी न्हाई. बायामानसांची बस तुमच्या म्होरं भरायची, तुमी मान वर केली न्हाई. तिसऱ्या दिशी वाटंत थांबला. मी म्हनलं, गावला! तर कोथमिरीची जुडी घेत हुता. देवमानसावर मी संशव घेतला, पाव्हनं. मला माफ करा." आणि म्हाताऱ्यानं वाकून त्या पायांवर डोकं ठेवायला घेतलं.

निकिता पाटावर थिजून बसली होती. वर्षभर तिनं घड्याळ बघितलं होतं, फोन उलटापालटा केला होता, शर्टाचा वास घेतला होता. हा माणूस आपल्यासमोर सरळ आहे हे तिला दिसत होतं, पण आपण बघतोय म्हणून सरळ आहे की खरंच, हे कोण सांगणार होतं? आणि कोपऱ्यातल्या हॉटेलात डोक्यावर टॉवेल घेऊन तिचाच बाप तीन दिवस तिच्यासाठी बसला होता. कोणी बघत नाहीये असं वाटत असताना सुनील रस्त्यानं मान खाली घालून चालत होता आणि कोथिंबीर घेत होता. तिला भरून आलं. आनंदानंच आलं, ते ती नाकारू शकली नाही. पण समोर बाप वाकत होता, आणि त्याचं डोकं चुकीच्या पायांवर टेकणार होतं. बापाचा संशय खरा होता. जगात त्याच्या लेकीचं दुःख न सांगता ओळखणारा तो एकटा माणूस होता आणि त्याचीच तो माफी मागत होता. आईसाठी आणि लाजेसाठी तिनं वर्षभर तोंड मिटलं होतं, पण हे तिला सोसवेना.

तिनं आबांचा खांदा धरून त्यांना उठवलं.

"आबा, माफी मागू नका. तुमचा संशव खरा हुता. तुमी फकस्त तीन महिने उशिरा गेलात."

हे वाक्य सगळ्यांना एकदम कळलं नाही. आधी चांगुणाबाईंना कळलं. त्यांनी गंधाचं भांडं खाली ठेवलं. मग आबांना कळलं. साळूआत्या आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाली.

सुनील पाटावरून उतरला आणि खाली फरशीवर बसला. "खरं हाय, मामा," एवढंच तो म्हणाला. पुढं काही समजावून सांगायला गेला नाही, हे त्यानं बरं केलं.

आबांनी जावयाकडं न बघता लेकीकडं बघितलं. "निके, तू सांग. तुझ्या मनात ऱ्हायाचं नसंल तर मी आत्ता जीप सांगतो आन सामान घिऊन येतो. तुझी खोली तशीच हाय. कुनी काय म्हनंल ते मी बघतो."

एवढंच ऐकायला आपण वर्षभर थांबलो होतो, हे निकिताला ऐकल्यावर कळलं. नांद म्हणतील अशी भीती घालून घेऊन तिनं सगळं एकटीनं ओढलं होतं, आणि बाप जीप सांगायला तयार होता. दार उघडं होतं. आता राहायचं तर कुणी ढकललं म्हणून नव्हे. तिनं फरशीवर बसलेल्या माणसाकडं नीट बघून घेतलं. नव्या टोपीत तो अगदीच बावळट दिसत होता.

"मी ऱ्हाते, आबा," ती म्हणाली. "पन पाय धुवू नका. आज न्हाई."

"आज न्हाई तर मग कवा?" साळूआत्याला वाचा फुटली. पाप-पुण्याचं तिचं तिनं नंतर बघितलं असतं, पण मांडलेली पूजा अर्धी राहते म्हणजे काय!

"फुडच्या धोंड्याला."

आत्यानं बोटांवर मोजलं. "अगं, तीन वर्सं हायत त्याला!"

"असू दे की."

"आन ह्या तेहतीस धोंड्यांचं काय करू?"

"वाढ," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, पाट उचलून भिंतीला लावले आणि पानं मांडली. जेवायला सगळे एका ओळीत बसले, नारायणही. चांगुणाबाई तुपाचं भांडं घेऊन निघाल्या. आबांच्या धोंड्यावर धार, आत्याच्या धोंड्यावर धार, निकिताच्या वाटीत काठोकाठ. सुनीलच्या पानाशी त्या क्षणभर थांबल्या आणि धार न सोडता पुढं गेल्या. जावयाच्या पानात तूप नाही, असं त्या घरात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

सुनीलनं कोरडा धोंडा फोडला आणि खाऊ लागला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. निकितानं बघितलं. तिच्या वाटीत तूप होतं, ते तिनं आपल्याच धोंड्यावर ओतून घेतलं आणि निवांत जेवली.

"तीन वर्सं?" बाकीचे हात धुवायला उठले तेव्हा त्यानं हळूच विचारलं.

"व्हय."

"आन त्या फुडं?"

"फुडचं फुडं बघू. बारका घास घ्या, कोरडा हाय, घशात बसंल," ती म्हणाली आणि पाण्याचा पेला तिनं त्याच्या पानाकडं सरकवला.